कुमुदचा आजचा मुक्काम

गेल्या वैशाखात एका सकाळी आमच्या शेजारची कुमुद रॉटरडॅमला होती आणि त्याच वेळी आपल्या मागील दारी कोकमं वाळत घालत होती.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोकमं मी पाहिली, रॉटरडॅम तिच्या फोनने पाहिलं. आमच्या दोन घरांच्या मध्ये छातीइतक्या उंचीचा चिऱ्यांचा गडगा आहे. सकाळचा चहा घेऊन मी गडग्याशी जाते आणि विचारते, "काय गो, आज खंय?" ती आधी चष्मा शोधते, मग फोन शोधते आणि गंभीरपणे सांगते, "आज डर्बन." कधी सिंगापूर, कधी सँटोस. एकदा सांगितलं की दिवसभर मुक्काम हलत नाही. त्या रॉटरडॅमच्या दिवशी तर ती भर उन्हात धावत आली, सगळी कोकमं सुपात भरली आणि मला हाक मारली, "बाईनू, तुमचे पापड आत घेवा. दुपारी पाऊस आसा!"

आभाळात कापसाच्या बोंडाएवढासुद्धा ढग नव्हता.

"कोण म्हणतं?"

"फोन म्हणता."

"अगं, तो पाऊस तिकडचा!"

तिने वर पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि कोकमं पुन्हा पसरायला घेतली. "खराच," ती म्हणाली. "तेका सांगूचा ऱ्हवला, की मी खरी हंयसरच आसंय." मग जरा विचार करून म्हणाली, "नको. सांगूचा नाय."

तुम्हा दोघा नातवंडांना ती अर्धीमुर्धी ठाऊक आहे. मागच्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर आजी एकाएकी काळोखात का गेली, असं तुम्ही विचारलं होतंत. त्याचं कारण कुमुद. फोन मी ओट्यावर टेकून ठेवला होता. दूध उतू जातंय म्हणून मी वळले, तेवढ्यात तिने आपल्या कपाळावरची टिकली काढून फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटवली. तिच्या स्वतःच्या फोनला तर रोज नवी टिकली असते. "फोनाचो डोळो कधी मिटना नाय," ती म्हणते, "मगे आपणच मिटवचो." तुम्ही तिकडे "आजी, आजी" करत होता आणि मी इकडे दोन्ही हात हलवत होते.

मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगायची सवय आहे. शाळेत इतिहास-भूगोल शिकवण्यात जन्म गेला, त्याचा हा परिणाम. तेव्हा पहिल्यापासून सांगते.

कुमुद मालवणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. म्हणजे काय, ते तुमच्या आईबाबांनाही नीट आठवत नसेल. त्या काळी मुंबईला फोन करायचा तर आधी तो मागावा लागे आणि मग बाकावर बसून वाट पाहावी लागे. आत एक बाई दोन दोऱ्या दोन भोकांत खुपसून तुमचा आवाज मुंबईच्या आवाजाला जोडत असे. जोडणी बरोबर झाली की नाही, हे तिला ऐकून बघावं लागे. मध्येच तुटलं तर पुन्हा जोडण्यासाठी कान लावावा लागे. त्यामुळे या किनाऱ्यावर जमलेलं प्रत्येक लग्न, मोडलेलं प्रत्येक लग्न आणि रजा वाढवून घेणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याचा ताप कुमुदने आधी ऐकला आणि घरच्यांनी मागाहून.

गावाने तिला यासाठी फार छळलं. मासळीच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, बसच्या रांगेत बायका तिला गाठत. "कुमुद, त्या खालच्या वाडीतल्या चेडवाचा काय झाला गो?"

"माका कायच म्हायत नाय."

"अगो, फोन तूच लायलंस मगो!"

"फोन लायलंय. माका म्हायत नाय."

एवढंच ती म्हणायची. बायका चिडायच्या, तिला घुमी म्हणायच्या. मीही एकदा तिथल्या लाकडी खोक्यात उभी राहून माझ्या आईशी बोलले होते आणि बोलण्यापेक्षा रडलेच जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यावर शेवग्याच्या शेंगांची जुडी ठेवलेली होती आणि कुमुद पाठमोरी होऊन अंगण झाडत होती. का ठेवल्या ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

पुढे एक्स्चेंज बदललं, दोऱ्या गेल्या, ती निवृत्त झाली. मग मोबाइल आले. दुकानात तिच्या हातात पहिला मोबाइल ठेवल्यावर तिने जो प्रश्न विचारला, तो आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

"मधे कोण आसा?"

"कोणच नाय, मावशे," दुकानदार म्हणाला. "थेट लागता."

"थेट कायच लागणा नाय," कुमुद म्हणाली. "माका विचार."

तेव्हापासून हा तिचा ध्यास झाला. इंटरनेटवर आपल्या प्रत्येकाला एक पत्ता असतो म्हणे. आपण ज्या ज्या दारात डोकावतो, तिथे तो आपोआप दाखवला जातो आणि त्यावरून आपलं गाव ओळखता येतं. हे तिला कळलं त्या दिवशी ती जेवली नाही. "म्हंजे मी साडयो बगूक गेलंय, तरी दुकानवाल्याक कळता, कुमुद मालवणची आसा? माका न विचारता?"

तिची ही कळ शमवली ती सिद्धेशने. सिद्धेश तिच्या बहिणीचा मुलगा. बहीण तो लहान असतानाच गेली. कुमुदने लग्न केलं नव्हतं. सिद्धेशला तिनेच न्हाऊमाखू घातलं आणि शिकवलं. आता तो मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत काम करतो आणि महिनेच्या महिने समुद्रावर असतो. रजेवर आला असताना त्याने तिच्या फोनमध्ये व्हीपीएन नावाची एक सोय घालून दिली. ती कशी चालते ते तो पायरीवर बसून समजावत होता आणि मी गडग्यावरून ऐकत होते.

"मावशे, तू जा काय बगतलंस, ता आदी दुसऱ्या देशातल्या एका मशीनकडे जाता. थंयसून फुडे. समोरच्याक वाटता, तू थंयचीच आसस."

"म्हंजे बेळगाव."

"काय?"

"मुंबयची लाईन मेली, की मी कॉल बेळगावसून फिरवन घेयत होतंय. मुंबयच्या बायेक वाटायचा, फोन बेळगावचोच. मालवणचा नावच नाय."

"व्हय," तो म्हणाला. "तसाच."

मला मात्र एक शंका आली आणि ती मी विचारली. "मग कुमुद, ते मधलं मशीन ज्याचं, तोच मधला माणूस झाला की!"

"म्हणान तर पैशे देवन घेतलंय," ती म्हणाली. "फुकटात देणारे खूप आसत. फुकटचो माणूस ऐकता आणि इकता. माका पगार होतो, म्हणान मी ऐकान इसारत होतंय."

गोपनीयतेवर याहून नेमकं काही मी अजून वाचलेलं नाही.

त्यानंतर तिला रोज एक नवं गाव मिळालं आणि आम्हाला रोज एक नवी करमणूक. फोन तिला बर्फ उकरायची फावडी दाखवी, सायकलींना लावायची गरम हँडलं दाखवी, एकदा तर डच भाषेत तुळयांना लावायचा रंग. ती सगळं बघायची. जन्मतारीख विचारणाऱ्या प्रत्येकाला ती वेगळी तारीख देते, त्यामुळे वर्षभर तिला चपलांची दुकानं आणि औषधांची दुकानं शुभेच्छा धाडत असतात. लहर लागली तर त्यातल्या एखाद्या दिवशी ती खापरोळ्या करते आणि गडग्यावरून ताटली सरकवते. "घेवा. आज मी जन्माक इलंय."

पण कडी झाली ती रवळनाथाच्या देवळात.

तुम्ही लहानपणी ऐकलेलं गाऱ्हाणं आठवतं का? देवापुढे गुरव उभा राहून ज्याची अडचण असेल त्याचं नाव, घर, वाडी, सगळं मोठ्याने सांगतो, देवाकडे मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतात. कुमुदचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. ती नारळ घेऊन गेली. सोबतीला मी होतेच.

"नाव?" बाबू गुरवाने विचारलं. तो तिला जन्मापासून ओळखतो, पण रीत ती रीत.

"नाव नको."

"बरा. वाडी?"

"वाडी सांगलंय तर नावात काय ऱ्हवला?"

"अगो बाये, मगे देवान गुण खंय धाडूचो?"

"देवाक म्हायत आसा. तुका कशाक होयो माजो पत्तो? मधे तू कोण?"

बाबूही काही कमी नाही. "मधे तू किती वर्सां होतंस, ता गाव इसारलो नाय हां," तो म्हणाला. पण नारळ हातात घेतला आणि घसा साफ केला. "बा देवा रवळनाथा, गावच्या राखणदारा! हंयसर एक इसम उबो आसा…"

"व्हय म्हाराजा!"

"तेचा नाव तेणा सांगूक नाय, गाव सांगूक नाय…"

"व्हय म्हाराजा!"

"पण तेच्या उजव्या डोळ्याचा जा काय आसा, ता बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. परत येताना प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी विचारत होतं, "काय गो कुमुद, उजव्याचा ऑपरेशन कधी?"

इथवर सगळं गमतीचं होतं.

भातकापणी संपत आली होती. एका सकाळी मी चहा घेऊन गडग्याशी गेले आणि नेहमीसारखं विचारलं, "आज खंय?"

तिने चष्मा शोधला नाही. फोनही शोधला नाही. "आज मालवण," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशीही मालवण. तिसऱ्या दिवशी मी चहा गडग्यावर ठेवला आणि वळसा घालून तिच्या स्वयंपाकघरात गेले. चूल थंड होती. मिठाच्या बरणीला टेकून फोन उभा होता आणि त्यावर निळा समुद्र होता. त्यावर बाणाच्या टोकासारखी बारीक चिन्हं सरकत होती. प्रत्येक बाण म्हणजे एक बोट, हे तिने मला सांगितलं. बोटी आपला ठावठिकाणा सतत कळवत असतात, तो घरबसल्या बघता येतो.

"हंय होती सिद्धेशाची," काचेवर बोट टेकून ती म्हणाली. तिथे नुसतं पाणी होतं. "सोमवारी होती. मगे गेली."

"गेली म्हणजे?"

"दिसणा नाय."

तिने कंपनीच्या कचेरीत फोन केला होता. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला होता की काळजीचं कारण नाही. त्या समुद्रात धोका आहे, म्हणून बोटी मुद्दाम आपला ठावठिकाणा बंद करून जातात. शत्रूला दिसू नये म्हणून. पलीकडे गेल्या की पुन्हा सुरू करतात.

"म्हंजे बराच करतत," कुमुद म्हणाली. "मी पण तेच सांगतंय मगो सगळ्यांका. लपान ऱ्हवा, लपान ऱ्हवा." तिने पदराने फोनची काच पुसली. काच स्वच्छच होती. "पण माका तरी सांगूक होया होता."

मी त्या निळ्या रिकाम्या जागेकडे बघत होते आणि माझ्या मनात तिची गावं एकामागून एक यायला लागली. रॉटरडॅम. डर्बन. सिंगापूर. सँटोस. मी मुलांना नकाशे पाठ करायला लावणारी बाई, आणि इतके महिने माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती कधी दिल्लीला नव्हती, कधी जिनिव्हाला नव्हती. समुद्र नाही अशा एकाही गावी कुमुद मुक्कामाला गेली नव्हती.

"तू त्याच्या मागून फिरत होतीस," मी म्हटलं.

"मागसून नाय. वांगडा," ती म्हणाली. वांगडा म्हणजे सोबत. "मी खंय जातलंय, बाईनू? माका बसात ओकारी येता. म्हटला, फोन तरी थंय बसांदे. थंय पाऊस आसा काय, थंडी आसा काय, दुकानात काय इकतत, ता कळता. रॉटरडॅमाक तेच्याकडे रेनकोट नव्हतो."

हवामान असंही बघता येतं, त्यासाठी तिथलं होऊन राहावं लागत नाही, हे माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं आणि चूल पेटवली.

त्या संध्याकाळी आम्ही देवळात गेलो. समई लागलेली होती, बाहेर वडावर वाघळं जागी होत होती. बाबू गुरव, बाजूच्या दोन बायका आणि आम्ही. कुमुदच्या हातात नारळ पाहून बाबूचा चेहरा खुलला.

"काय गो, आज नाव सांगतलंस, का आजपण एक इसम?"

"सांगतंय," कुमुद म्हणाली.

ती सरळ उभी राहिली. मग तिचा एक आवाज निघाला, तो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. लांबच्या लाईनवर पलीकडच्याला स्वच्छ कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलायचा तो एक्स्चेंजमधला आवाज. तिने सिद्धेशचं पूर्ण नाव सांगितलं. त्याच्या आईचं नाव सांगितलं, ती नाही हे सांगितलं. स्वतःचं नाव, घर, वाडी, घरामागची विहीर. खरी जन्मतारीख. बोटीचं इंग्रजी नाव, तिचा रंग, ती कुठून निघाली, कुठे चालली, कुठे दिसेनाशी झाली.

"आणि नवस?" गुरवाने हळूच विचारलं.

"तो दिसाक लागलो, की मी माजो पत्तो लपवूचंय नाय. फोनातला ता काढून टाकतलंय."

बाबूला व्हीपीएन काय माहीत असणार? पण देवाला नीट सांगणं हा त्याचा धर्म. त्याने डोळे मिटले. "बा देवा रवळनाथा! ह्या तुज्या कुमुदीन आपल्या नावागावार ज्यो काय पडदो घातलेलो आसा…"

"व्हय म्हाराजा!"

"तो ती आपल्या हातान काढतली. तिच्या झिलार ज्यो पडदो पडलेलो आसा, तो तू काढ रे म्हाराजा!"

झील म्हणजे मुलगा. भाचा म्हण, असं तिने त्याला सुधारलं नाही.

"व्हय म्हाराजा!" आम्ही चार बायका होतो, पण मागे वळून बघावं इतका आवाज झाला.

मग नुसती वाट बघणं. रोज सकाळी मी विचारायची सोडली नाही आणि ती "मालवण" म्हणायची. फोन मिठाच्या बरणीला टेकलेला. एका दुपारी गडग्यापलीकडून तांब्या पडल्याचा आवाज आला, म्हणून मी धावले. कुमुद फोनकडे बोट दाखवत होती. निळ्या पाण्यात, आधीच्या जागेपासून खूप पुढे, एक बाण होता. बाणाखाली नाव होतं. ते तिने मला वाचायला लावलं, मग दोन्ही हातांनी काच झाकली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचायला लावलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "मावशे!" तो ओरडला. तिने इतकी वर्षं जे परक्यांना सांगितलं, तेच तिच्या तोंडून निघालं. "बोला. लाईन चालू आसा." त्यापुढे तोच बोलत राहिला. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले.

नवस तिने दुसऱ्याच दिवशी फेडला. व्हीपीएन काढलं, आणि फोनने तिला तासाभरात ओळखलं. मालवणातलीच दुकानं जाहिराती धाडू लागली. "बगा," ती वैतागून म्हणाली, "बाजारातलो तो भांड्यांवालोसुदा माज्या फोनात इलो!" टिकली मात्र अजून आहे. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "नवस पत्त्याचो होतो. डोळ्याचो नाय." खोट्या वाढदिवसांवरही देवाने काही म्हटलेलं नाही, त्यामुळे खापरोळ्या चालू आहेत.

सिद्धेशने फोनवरून तिला आणखी एक गोष्ट शिकवली. नकाशावर आपण खरोखर कुठे आहोत, ते एका कुणाला तरी सतत दाखवत राहायचं. ज्या बाईने देवालाही पत्ता दिला नव्हता, तिने हे आपणहून मागितलं. "सगळ्यांका नाय हां," तिने मला बजावलं. "एकट्याक." बोटीवर नेट मिळालं की तो तिथून बघतो. तिचा एक निळा ठिपका असतो. तो विहिरीवर जातो, बाजारात जातो, माझ्या गडग्याशी येऊन उभा राहतो.

आता सकाळी मी विचारते, "आज खंय?" आणि ती म्हणते, "तो कोलंबोक. मी हंय."

संध्याकाळी तो ठिपका किनाऱ्यावर जातो. मीही बरोबर असते. काल गेलो तेव्हा भरती संपत आली होती, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावल्या लांब झाल्या होत्या आणि पाणी हललं न हललं असं होतं. माडांपासून पाण्यापर्यंत ती फोनकडे बघत सरळ चालत गेली आणि ओल्या वाळूवर थांबली. मग फोन धरलेला हात तिने समुद्रावर लांब केला.

"बाईनू, बगा हां. ठिपको पाण्यात गेलो?"

मी मान वाकडी करून पाहिलं. "नाही गं. वाळूतच आहे."

तिने निऱ्या वर खोचल्या आणि घोटाभर पाण्यात उतरली. "आता?"

"जरा बाकी आहे."

आणखी एक पाऊल. लाट आली, तिचं पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं, पण हात तसाच ताठ होता. नकाशावर वाळूची रेघ ओलांडून ठिपका निळ्यात शिरला.

"गेला," मी म्हटलं. "आता पाण्यात आहेस."

"बरा झाला," ती म्हणाली. हात तिने खाली घेतला नाही. "तेका दिसांदे, मी हंयपर्यंत इलंय."